माझ्या पोटातलं हॅमचं पाणी

मित्रांनो, वाचायला लागण्याआधी नाक धरलंत तर बरं. मी एक जुना टोप आहे. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. दोन कानांचा, जाड बुडाचा, आणि एखादं शेंबडं पोर आत बसवून आंघोळ घालता येईल एवढा मोठा. पण माझ्यात पोर कधी बसलं नाही. माझ्यात बसली डुकराची मांडी. एक उकडून निघाली की दुसरी, दुसरी निघाली की तिसरी. माझा सगळा जन्म डुकरांच्या मांड्यांची आंघोळ बघण्यात गेला आणि खरं सांगतो, मला अजून त्याची सवय झालेली नाही. किळस येते. भांड्याला कसली आली आहे किळस, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा भांडं होऊन बघावं.

जन्म मात्र माझा स्वच्छ ठिकाणी झाला. कारखान्यात एका गोल पत्र्याला साच्यावर दाबलं, गरागरा फिरवलं, काठ बाहेर दुमडला, बाजूंना कान ठोकले, आणि झालो मी टोप. मग पॉलिश करणाऱ्या माणसाने मला चाकाला लावून इतकं चकचकीत केलं की त्याला माझ्यात स्वतःचे दात दिसले. त्याने लगेच नखाने दाढेत अडकलेलं काहीतरी काढलं, निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. जगातली मी पाहिलेली पहिली गोष्ट ही. पुढचं काय होणार ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

भांड्यांच्या दुकानात मी सगळ्यात वरच्या फळीवर बसायचो. खालची चहाची भांडी मान वर करून माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, आपल्याला दूधवाला नेणार. पांढरंशुभ्र दूध, वर जाड साय, सकाळी ऊन ऊन आणि दुपारी गार. मी दुधाची इतकी स्वप्नं पाहिली की माझ्या बाजूचा कुकर कंटाळून गेला. आणि मग एके दिवशी एक गलेलठ्ठ माणूस आला. त्याने मला खाली उतरवायला लावलं, पोटावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि दुकानदाराला विचारलं, "यात अख्खी मांडी मावेल का? हाडासकट?"

दुकानदाराने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमची नाही मावायची," तो म्हणाला.

तो माणूस पोट धरून हसला. त्याला सगळे भाऊ म्हणत. बस डेपोच्या फाटकासमोर त्याची खानावळ होती. पुढे टेबलं, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे मोरी आणि एक सिमेंटचा हौद. भाऊ बाजारहाट करायचा आणि मांस कापायचा. गल्ल्यावर त्याची बायको बसायची. आणि चुलीशी होती त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली होती. भाऊ तिला ताई म्हणायचा, भाऊची बायको तिला वन्सं म्हणायची आणि सगळा डेपो तिला आत्या म्हणायचा. मीही आत्याच म्हणतो. भाऊच्या बायकोला आत्या वहिनी म्हणायची, म्हणून माझ्यासाठीही ती वहिनी.

आता तुम्हाला हॅम म्हणजे काय ते सांगतो. डुकराची मागची मांडी खाटीक मिठाच्या पाण्यात मुरवतो. किती दिवस मुरवतो ते मला विचारू नका, मी त्या वेळी तिथे नसतो ही देवाची कृपा. ती येते तेव्हा गुलाबी, थंडगार आणि बुळबुळीत असते. वर जाड कातडं, कातड्यावर कुठेकुठे राहिलेले राठ केस. दाढी अर्धवट केलेल्या माणसाचा गाल असतो ना, अगदी तसं. आत्या तिला आधी बादलीभर गार पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे जास्तीचं मीठ उतरतं. मग ती माझ्या पोटात यायची. गार पाणी, खाली आच, आणि हळूहळू वर येणारा तो फेस. मित्रांनो, त्या फेसाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तुमचं जेवण व्हायचं असेल. तो करडा असतो, चिकट असतो आणि माझ्या अंगाला गोल रेघ करून बसतो, न धुतलेल्या कॉलरीसारखा. ते पहिलं पाणी आत्या सरळ मोरीत ओतायची. मग नवं पाणी, कांदा, गाजर, मिरी, तमालपत्र, चारदोन लवंगा, आणि मंद आचेवर दुपारपर्यंत बुडबुड, बुडबुड.

हॅम बाहेर काढल्यावर भाऊ त्याचं कातडं असं सोलायचा, जसा कुणी ओला मोजा काढतो. त्याचे पातळ काप पावाबरोबर टेबलांवर जायचे. आणि मागे उरायचं ते माझ्या पोटातलं पाणी. ते कुणी टाकत नसे. कारण त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी वाटाण्याची डाळ शिजायची आणि हाडाला चिकटलेले मांसाचे तुकडे पडायचे, की झालं सूप. पहाटपाळीचे ड्रायव्हर हिवाळ्यात त्या सूपावरच जगायचे.

या पाण्याचा एक नियम होता आणि आत्या तो कधी मोडायची नाही. पाणी गाळलं की मला उघडंच उचलून मागच्या हौदात गार पाण्यात उभं करायचं, झाकण ठेवायचं नाही, मधून मधून पळीने ढवळायचं, आणि निवलं की मगच फ्रिजमध्ये. सकाळी वर चरबीचा थर धरलेला असायचा. पांढरा, मेणबत्तीसारखा, बोट दाबलं तर ठसा उमटेल असा. आत्या तो पापडासारखा अख्खा उचलायची. मला वाटायचं, माझ्या जखमेची खपलीच निघाली.

पण सूप झालं की सगळे तुटून पडायचे. ड्रायव्हर वाट्या चाटायचे. एक म्हातारा कंडक्टर तर पावाच्या तुकड्याने माझंच बूड पुसायचा आणि तो तुकडा डोळे मिटून खायचा. "आत्याच्या हाताला चव आहे," सगळे म्हणायचे. भाऊ मान डोलवायचा. "ताईच्या हाताची चव आहे तोवर खानावळ आहे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. माझं नाव कुणी घेतलं नाही. भोगत मी होतो, नाव हाताचं होत होतं.

या घरात माझं मन ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या जवळसुद्धा फिरकत नसे. वहिनी. तिचं नाक फार तीक्ष्ण. लग्न होऊन आली त्याच दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात ओकली होती म्हणे. तेव्हापासून ती गल्ल्यावर बसली ती बसलीच. हॅम उकळायला लागलं की नाकाला रुमाल. आणि एक सवय होती तिला. जे जे वासाचं, ते ते झाकायचं. मासळीवर ताट, कचऱ्याच्या डब्यावर पाट, भाऊच्या बुटांवर वर्तमानपत्र.

"अगं, बूट काय पळून जाणार आहेत?" आत्या विचारायची.

"गेले तर मी अडवणार नाही," वहिनी म्हणायची.

दोघींचं तसं वाईट नव्हतं. पण प्रेमाचंही काही नव्हतं. वहिनी अधूनमधून भाऊला सुचवायची, वन्संनी किती दिवस राबायचं, एखादा आचारी ठेवू, त्यांनी आपलं आरामात धाकट्या नणंदेकडे जाऊन राहावं. ती हे चांगल्या मनाने म्हणायची की नाही, मला ठाऊक नाही. आत्याला मात्र ते पाठ झालं होतं. धाकट्या बहिणीकडे एक खिडकी होती, खिडकीशी एक खुर्ची होती आणि तिथे जाऊन बसायचं एवढंच काम होतं. भाजी चिरता चिरता आत्या एकदा पुटपुटली होती, "खुर्चीत बसून माणूस काय करतो? वाट बघतो. कशाची, ते कुणी सांगत नाही."

मग एका हिवाळ्याच्या तोंडाला आत्याला ताप आला. चांगला फणफणून आला. बरी होऊन ती चुलीशी परतली, माझ्यावर वाकली आणि नेहमीसारखा खोल श्वास घेतला. मी खालून तिचा चेहरा बघत होतो. ती थांबली. पुन्हा श्वास घेतला. मग तिने डब्यातली एक लवंग दाताखाली फोडली आणि चावत राहिली, जसं कुणी कागद चावतं. मग मिठाचा खडा. मग कच्चा कांदा. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, पण जिभेला काही कळलं नाही. आत्याचं नाक गेलं होतं आणि त्याच्या जोडीला चवही गेली होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं ते तिला दिसत होतं, खिडकी आणि खुर्ची.

पण बाई मोठी हुशार. तिने दुसऱ्यांच्या जिभा वापरायला सुरुवात केली, आणि तीही अशी की ज्याची जीभ वापरली तो खूष. भाऊ बाजारातून आला की, "भाऊ, बघ रे बाबा, आज माझा अंदाज चुकलाय वाटतं." भाऊ लगेच पळी तोंडाला लावून, "मीठ जरा हवं ताई," असं पंडितासारखं सांगायचा. पाववाला आला की, "ये रे, तू खाणारा माणूस, सांग बघू." सगळ्यांना वाटायचं, आत्या म्हातारपणी किती नम्र झाली. मी एकटा जाणून होतो.

आणि सगळ्यात जास्त भोगत होतो मी. कारण मला घासायची आत्याच, आणि घासताना ती नाकाने तपासायची. आता नाकच नव्हतं. माझ्या काठाच्या दुमडीत जुनी चरबी साचायला लागली. आधी पिवळी, मग तपकिरी. तिला असा वास यायला लागला की झुरळ त्या बाजूने यायचं आणि वळून जायचं. मला पुसायचं फडकं तर विचारूच नका. ते ओलंच लोंबकळायचं आणि त्याने पुसलं की मी आणखी घाण व्हायचो. ज्या भांड्याने आयुष्यभर लोकांची भूक भागवली त्याला स्वतःच्याच अंगाची शिसारी यावी, यासारखं दुःख नाही, मित्रांनो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

डेपोतला एक ड्रायव्हर निवृत्त होत होता. त्याला दुपारचं निरोपाचं जेवण होतं आणि भाऊने खाटकाकडून ही भली थोरली मांडी आणली होती. ती माझ्यात घातल्यावर झाकण बसेना, पाय बाहेर. आत्याने ती उकडली, भाऊने कापली, लोकांनी हादडली. भाषणं झाली, कुणीतरी रडलं, कुणीतरी रडणाऱ्याच्या ताटातला तुकडा पळवला. संध्याकाळी आत्या अगदी पिळून निघाली होती. तिने पाणी गाळलं, पण मला हौदापर्यंत न्यायला कुणी हाताशी नव्हतं. भाऊ पाहुण्यांना सोडायला गेला होता.

"जरा पाठ टेकते, मग उचलू," ती म्हणाली आणि गेली. तिला डोळा लागला.

मी ओट्याशेजारच्या चौरंगावर तसाच उघडा, वाफा सोडत उभा. आणि वहिनी आली. तिला पाणी प्यायचं होतं, बाकी काही नाही. पण दारातच तो वास तिच्या तोंडावर आदळला. तिने डोळे मिटले, रुमाल धरला, भिंतीवरचं झाकण घेतलं आणि माझ्या डोक्यावर गच्च दाबलं. वर पाटही ठेवला. मग एका पायाने मला, म्हणजे मी ज्या चौरंगावर होतो त्याला, ढकलत ढकलत रात्रभर धुमसणाऱ्या भट्टीच्या ऊबदार कोपऱ्यात सारलं, म्हणजे तिला दिसायला नको. काम फत्ते. पाणी न पिताच निघून गेली.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. आत गरम पाणी, वर झाकण, बाजूला भट्टीची ऊब. मला माझ्या पोटात काहीतरी हलल्यासारखं वाटायला लागलं. बारीक बारीक बुडबुडे, आणि खाली आच तर नव्हती. पाणी आधी जड झालं, मग चिकट झालं, मग त्याला असा वास सुटला... ओल्या पोत्यात कुणी आजारी माणसाचे मोजे बांधून ठेवले तर येईल ना, तसा. आणि तो सगळा माझ्याच आत कोंडलेला. मला बाहेर बघता येईना, श्वास घेता येईना. शी.

सकाळी आत्या उठून आली तेव्हा मला भट्टीपाशी पाहून तिला वाटलं, भाऊने रात्री निववून फ्रिजमध्ये ठेवलं असेल आणि पहाटे काढलं असेल, लवकर गरम व्हावं म्हणून. तिने झाकण काढलं. वासाचा लोट तिच्या चेहऱ्यावर गेला आणि तिच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. चरबीचा थर धरला नव्हता, हे तिला दिसलं. तिने जरा भुवया आक्रसल्या. पण भट्टीजवळ होतं, वितळली असेल, असं तिचं तिनेच ठरवलं. भिजवलेली डाळ आत ओतली. कांदा, गाजर, हाडाचे तुकडे. खाली आच.

डाळ शिजली की ती नेहमी भाऊला चाखायला लावायची. भाऊ बाजारात गेला होता. पाववाल्याच्या सायकलचा टायर पंक्चर होता. मागच्या दारात डेपोचा टाइमकीपर आला, दोन मोठे डबे घेऊन. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून त्याला शिट्टीमास्तर म्हणत.

"आत्या, भरा लवकर. पोरं गाड्या तापवत बसलीत. आज लांबच्या गाड्या आहेत."

लांबच्या गाड्या, मित्रांनो. घाटाच्या, वळणांच्या. आणि चालवणाऱ्याच्या पोटात मी.

"भरते की," आत्या म्हणाली. तिने पळी उचलली आणि क्षणभर तिचा हात थांबला. तिने शिट्टीमास्तरकडे पळी केली. "बघ बरं जरा, मीठ."

"माझा उपास आहे आत्या. डॉक्टरने लावलाय. रक्त काढणार आहेत, पाणी सोडून काही नाही."

आत्या डबा पुढे ओढणार, इतक्यात पुढच्या दाराचा पडदा सरकला. वहिनी उभी होती. नाकाला रुमाल नव्हता. बहुतेक विसरली होती.

"वन्सं, काय शिजतंय हे?"

"सूप. रोजचं."

"रोजचा वास मला पाठ आहे. रोज मी त्याला शिव्या घालते. हा तो नव्हे. हे आंबलंय."

"आंबलं नाही काही. लिंबू पिळलंय. पोरं म्हणत होती, तोंडाला चव नाही."

वहिनीने ओट्यावर नजर फिरवली. लिंबू नव्हतं. साल नव्हती, बीसुद्धा नव्हती. "मग चाखून दाखवा," ती म्हणाली.

मी आत्याकडे बघत होतो. नकार दिला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. तिने एक वाटी घेतली, माझ्यात बुडवून काठोकाठ भरली आणि प्यायली. घोट घोट, सावकाश. कुणी गरम दूध पितं तशी. मधे थांबून फुंकरही घातली. वाटी रिकामी करून तिने ओठ पुसले.

"झकास झालंय," ती म्हणाली.

शिट्टीमास्तर दारात असूनही दोन पावलं मागे सरकला होता. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिने भिंत धरली होती, पण ती गेली नाही. ती आत्याकडे बघत राहिली. ज्याला नाक आहे असा माणूस ते पिऊ शकत नव्हता. कुत्रा प्यायला नसता. माझ्याच्याने ते पोटात ठेववत नव्हतं, आणि मी टोप आहे.

"वन्सं," वहिनी अगदी हळू म्हणाली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तुम्हाला वास येत नाही."

आत्याने रिकामी वाटी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "ताप आला होता ना," ती म्हणाली. "तेव्हापासून."

"आणि चव?"

"तीही."

मला वाटलं, आता वहिनी बोलणार. आचारी, धाकटी नणंद, खुर्ची. आत्यालाही तेच वाटलं असणार, कारण तिने कमरेला बांधलेलं फडकं सोडायला घेतलं होतं. पण वहिनी बघत होती ओट्याशेजारच्या जागेकडे, जिथे काल मी उभा होतो. मग भट्टीच्या कोपऱ्याकडे. मग झाकणाकडे.

"झाकण मी ठेवलं होतं," ती म्हणाली. "गरम होतं आणि मी झाकलं. कोपऱ्यात पण मीच ढकललं."

"तू कशाला झाकलंस गं?"

"वास येत होता."

एकीला वास फार येत होता आणि एकीला मुळीच येत नव्हता, आणि दोघींच्या मधे मी नासलो होतो.

मग वहिनीने जे केलं ते मी विसरणार नाही. जी बाई मला कधी शिवली नव्हती तिने दोन फडकी उचलली, एक आत्याच्या हातात दिलं आणि दुसऱ्याने माझा एक कान धरला. "धरा तिकडून," ती म्हणाली. दुसरा कान आत्याने धरला. दोघींनी मिळून मला मोरीत नेलं आणि उपडं केलं. ते गरम, आंबलेलं, डाळीचं, चरबीचं सगळं घळाघळा गेलं. वाफ सरळ वहिनीच्या तोंडावर आली. तिला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने कान सोडला नाही.

"भाऊला काय सांगायचं?" आत्या म्हणाली.

"सांगा, माझ्या हातून सांडलं. मला स्वयंपाकातलं काही येत नाही हे त्यांना लग्नापासून माहीत आहे." मग दाराकडे वळून, "मास्तर, आज सूप नाही. कालचे पाव आणि काप न्या, काप रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेत. सूप सांडलं."

शिट्टीमास्तरने मोरीकडे पाहिलं आणि श्वास रोखून धरला. "बरं झालं सांडलं," तो म्हणाला आणि पाव घेऊन गेला.

दुपारपर्यंत ती वाटी आत्याच्या पोटात बोलायला लागली. वहिनीने घमेलं धरलं. आत्या ओकली, ते बघून वहिनी ओकली, आणि वहिनीला ओकताना बघून आत्याला हसू आलं, त्यामुळे ती पुन्हा ओकली. मी बाजूलाच उपडा पडलो होतो. मी सगळं पाहिलं आहे आणि यातलं अर्धंसुद्धा तुम्हाला सांगणार नाही.

संध्याकाळी आत्या खाटेवर पडली होती आणि भाऊ पायाशी बसून पाव खात होता. सांडल्याची गोष्ट त्याने मुकाट ऐकून घेतली होती. आत्या छताकडे बघून म्हणाली, "भाऊ, तिने नाही सांडलं. आंबलं होतं. मला कळलं नाही. माझ्या हाताची चव गेली रे."

भाऊचा घास थांबला. "कधी?"

"ताप आला तेव्हा."

"मग एवढे दिवस मी काय खातोय?"

"तुझ्याच जिभेचं. तू चाखत होतास, मी फक्त पळी धरत होते."

भाऊ पुन्हा चावायला लागला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या जबड्यावरून मला कळेना. आत्या वाट बघत होती, आणि ज्या खुर्चीची तिला भीती होती तीच जणू खाटेशेजारी येऊन उभी होती.

दारातून वहिनी म्हणाली, "उद्यापासून गल्ल्यावर तुम्ही बसा. मी आत बघते, वन्संबरोबर."

"तू?" भाऊ म्हणाला. "तुला तर मिनिटभर सोसत नाही."

"म्हणूनच."

भाऊने तिच्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि उरलेला पाव तोंडात कोंबला. "मला कापायला तरी आत येऊ द्याल ना?" तो म्हणाला. आत्याने भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. बराच वेळ ते पांघरूण हलत होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मला घासलं. मित्रांनो, मला जन्मात कुणी तसं घासलं नाही. तिने काडीला कापूस गुंडाळून काठाची दुमड कोरली, आणि तिथून जे निघालं ते बघून ती मोरीच्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. मग परत आली आणि परत कोरलं. फडकं तिने चिमट्यात धरून भट्टीत टाकलं. मला वाटलं, आता आपलं आयुष्य पालटलं. आता दूध येणार.

कसलं दूध. त्याच आठवड्यात खाटकाकडून नवी मांडी आली. बुळबुळीत, केसाळ, थंडगार. पहिल्या पाण्याचा फेस वर आला आणि मी मनातल्या मनात तोंड फिरवलं. दुसरं पाणी चढलं, मसाले पडले, बुडबुड सुरू झाली. आत्या स्टुलावर बसून आच सांभाळत होती. वहिनी शेजारी उभी, अंग चोरून. पळीतलं पाणी तिने जिभेच्या टोकाला लावलं, अंग शहारलं, थुंकली, तोंड धुतलं. "खारट आहे अजून. तांब्याभर पाणी घाला." आत्याने घातलं.

मग आत्याने विचारलं, "वास कसा येतोय गं?"

"घाण."

"तसं नको. नीट सांग."

वहिनी माझ्यावर वाकली. पहिल्यांदाच रुमालाशिवाय. मी खालून तिच्या नाकपुड्या थरथरताना पाहिल्या. तिने डोळे मिटले आणि श्वास घेतला, बराच खोल. "आधी ओल्या कुत्र्यासारखा येतो," ती म्हणाली. "मग... थांबा हं. मग मिठाच्या पाण्यात भिजलेली दोरी असते ना, तसा. आणि त्याच्या खाली काहीतरी आहे. गोडसर. लवंगेच्या बाजूला. धुराचा नाही पण धुरासारखा. शिजलेल्या गाजराचा असेल."

आत्याने डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते, वहिनीचे शब्द पुन्हा म्हणत असल्यासारखे.

"गोडसर आला?" तिने विचारलं.

"आला."

"मग झालं. आच काढ. आणि झाकू नकोस."

दोघींनी माझे कान धरले आणि मला उघडंच हौदात नेऊन उभं केलं.

मित्रांनो, माझी किळस गेलेली नाही. ती जाणारही नाही, उद्या त्या चरबीचा थर पुन्हा माझ्या डोक्यावर बसणार आहे. पण तुम्हाला एवढंच सांगतो. घरातलं जेवण एखाद्या दिवशी खारट झालं, करपलं, कशालातरी वेगळाच वास आला, तर ताट सरकवून नाक मुरडून उठू नका. आणि वर काही झाकून ठेवून निघूनही जाऊ नका. जिने ते शिजवलं तिच्याशेजारी स्टूल ओढून बसा, टोपावर वाका आणि तिला सांगा, नेमका कसा वास येतोय. आधी कशासारखा, मग कशासारखा, आणि त्याच्या खाली काय आहे. ती ऐकते आहे.